मंगळवारी उत्तरेला जाऊ नये

बुधवार, १ जानेवारी
नवं वर्ष, नवी रोजनिशी, नवी नोकरी. तिन्ही एकाच दिवशी सुरू झाली. याला योगायोग म्हणत नाहीत, नियोजन म्हणतात.

पद: ट्रेनी डिस्पॅच एक्झिक्युटिव्ह. स्थळ: काशीमीरा, हायवेला लागून, एका ट्रान्सपोर्ट कंपनीचं गोडाउन. काम: कुठली गाडी कुठला माल घेऊन कधी निघणार ते ठरवणं आणि ती खरोखर निघेपर्यंत सगळ्यांना फोन करत राहणं. तीन महिने प्रोबेशन. मार्चअखेर कन्फर्म करतात किंवा करत नाहीत. दुसऱ्या शक्यतेचा विचार करण्याचं कारण दिसत नाही.

शिक्षण: बी.ए. (संस्कृत), प्रथम श्रेणी. शाळेत स्कोअरिंग म्हणून घेतलं, पुढे सोडवलं नाही. ग्रॅज्युएशननंतरचं दीड वर्ष स्वतःला घडवण्यात गेलं. डिजिटल मार्केटिंग, व्हिडिओ एडिटिंग, जर्मन, शेअर बाजार. सगळ्यांचा पाया झाला आहे. वरचं बांधकाम तेवढं राहिलं.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. एक्सेल (व्ही-लूकअप जानेवारीत, पिव्होट टेबल फेब्रुवारीत). इंग्रजी, आरशासमोर. लीडरशिपचा ऑनलाइन कोर्स, फुकट आहे तोवर.

सोमवार, ६ जानेवारी
पाचचा गजर वाजला. आई उठली, बाबा उठले, वरच्या मजल्यावरचे उठले. मला कोणी उठवलं नाही.

बाबांचे गुडघे पुन्हा सुजलेत. भाईंदर वेस्टला एका हॉस्पिटलच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर आहेत. सुपरवायझर असले तरी खुर्ची नाही. डॉक्टर म्हणतात, उभं राहायचं काम सोडा. बाबा म्हणाले, "निकेतचं पक्कं होऊ दे, मग सोडतो." आई माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, पक्कं झाल्यात जमा आहे.

नोकरीला लागून एक आठवडाही झालेला नाही, पण आत्मविश्वास हेही एक स्किलच आहे.

गुरुवार, ९ जानेवारी
ऑफिसचा अभ्यास. मृणालिनी मॅडम, ऑपरेशन्स मॅनेजर. कमी बोलतात. बोलायच्या आधी चष्मा काढून टेबलावर ठेवतात. त्या क्षणी बाकीचे लोक पाणी प्यायला उठतात.

पायल, शेजारचं टेबल. माझ्याहून लहान. नोकरी करून बी.कॉम.चं शेवटचं वर्ष बाहेरून देतेय. एका कानाला ड्रायव्हर, दुसऱ्याला पार्टी म्हणजे गिऱ्हाईक, आणि मध्ये माझ्याशी बोलते. आज म्हणाली, "ऋषिमुनी, बिल्टी कधी बनवणार? गाडी सत्ययुगापासून उभी आहे." बिल्टी म्हणजे मालाचा कागद, त्याच्याशिवाय गाडी गेटबाहेर पडत नाही. मी शब्दाच्या व्युत्पत्तीचा विचार करत होतो. तेवढ्यात तिने बनवून टाकली.

अशा रीतीने टीमवर्क जमत चाललंय.

मंगळवार, २१ जानेवारी
आज खऱ्या अर्थाने माझी ओळख निर्माण झाली.

खंडू म्हणून एक ड्रायव्हर आहे, बीडकडचा. गाडीला पुढे लिंबू-मिरची, मागे काळी बाहुली, केबिनमध्ये एवढे देव की क्लीनरला जागा नाही. आज त्याची गाडी वापीला जायची होती. मागच्या मंगळवारी टायर फुटला होता, त्याच्या आदल्या मंगळवारी क्लच गेला होता. कोणीतरी त्याला सांगितलं की नवीन साहेब संस्कृत शिकलेत. हात जोडून आला. "साहेब, आज काढू का गाडी? तुम्ही बघून सांगा."

कोर्समध्ये कालच झालं होतं की सहकाऱ्याला "मला माहीत नाही" असं सांगितल्याने लीडरवरचा विश्वास डळमळतो. म्हणून आईला फोन करून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागच्या पानाचा फोटो मागवला. तिथे चौकट आहे: दिशाशूल. सोमवारी-शनिवारी पूर्वेला जाऊ नये, मंगळवारी-बुधवारी उत्तरेला, गुरुवारी दक्षिणेला, शुक्रवारी-रविवारी पश्चिमेला. वापी उत्तरेला. म्हटलं, शास्त्राची परवानगी दिसत नाही.

गाडी थांबली. मॅडमना कळवलं, ड्रायव्हरची तब्येत बरी नाही. मनाची तब्येतही तब्येतच असते.

संध्याकाळ: वापीच्या वाटेवर खाडीच्या पुलावर टँकर आडवा झाला, दुपारभर हायवे बंद. खंडूने सगळ्यांसमोर माझ्या पायाला हात लावला. मी श्रेय घेतलं नाही. नाकारलंही नाही.

शुक्रवार, २४ जानेवारी
सकाळपासून ड्रायव्हर येतायत. "पंडितजी, नाशिक जाना है, देख लो जरा." कोर्सच्या भाषेत याला स्टेकहोल्डर एंगेजमेंट म्हणतात. कॅलेंडरचं पान लॅमिनेट करून घेतलं.

एक निरीक्षण. शुक्रवारी आणि रविवारी पश्चिमेला जायचं नाही. आपल्या पश्चिमेला उत्तनचा समुद्र आहे. त्यामुळे हे दोन दिवस कंपनीचं कामकाज सुरळीत चालतं.

शनिवार, १ फेब्रुवारी
व्ही-लूकअप राहिलं. जानेवारी महिना लोकांना समजून घेण्यात गेला. एक्सेल नंतरही शिकता येतं, लोक निघून जातात.

एक ड्रायव्हर मात्र येत नाही. संघर्ष, परभणीचा. आज त्याला मीच बोलावून विचारलं, तुझा काही प्रश्न? त्याने गाडीची काच पुसता पुसता सांगितलं, "साहेब, आम्ही बौद्ध लोक. माझ्या आज्यानं पंचांग सोडलं. तवापासून आमच्या घरी कुणाचं काही अडलं नाही." मग थांबून म्हणाला, "पण तुम्ही सांगत राहा. तुमच्या कृपेनं माझ्या फेऱ्या वाढल्यात."

कृतज्ञ माणूस आहे.

बुधवार, १२ फेब्रुवारी
पाचला उठण्याचा संकल्प साडेसहावर आणला. वास्तववाद हे परिपक्वतेचं लक्षण. सव्वाआठला उठलो.

बाबा विचारत होते, साहेब लोक खूश आहेत ना. मी सांगितलं, ड्रायव्हर माझ्याशिवाय गाडी हलवत नाहीत. बाबांनी मान डोलवली. "मग तर ठेवतीलच," म्हणाले. आई म्हणाली, "देवाच्या कृपेने." मी मनात म्हटलं, देवाने काही केलेलं नाही, कॅलेंडर वाचलं ते मी.

मंगळवार, २५ फेब्रुवारी
मॅडमनी चष्मा काढला. मला पाणी प्यायला उठता आलं नाही, कारण बोलावलं मलाच होतं.

म्हणाल्या, "महिनाभर मंगळवार-बुधवारी गुजरातच्या गाड्या निघत नाहीत. गुरुवारी कोल्हापूर, पुणे अडकतं. सोमवारी नाशिक. पार्ट्या फोन करून शिव्या देतायत. ड्रायव्हर तुझं ऐकतात असं दिसतं. याचं मूळ कारण शोधून रिपोर्ट दे. २८ मार्चला शेठसमोर तूच सादर करायचा. त्यावर तुझं कन्फर्मेशन ठरेल."

बाहेर आलो तेव्हा तळहाताला घाम होता. एवढ्या मोठ्या प्रोजेक्टसाठी नवीन माणसाची निवड होणं ही साधी गोष्ट नव्हे. घाम त्याचाच असणार.

मूळ कारण काय असावं याचा विचार करतोय.

बुधवार, २६ फेब्रुवारी
विचार चालू आहे. ड्रायव्हर मोटिव्हेशन? रस्त्यांची अवस्था? जागतिक परिस्थिती?

पायलने विचारलं, रिपोर्ट कुठपर्यंत आला. मी म्हटलं, कारणं अनेक आणि गुंतागुंतीची आहेत. ती माझ्या टेबलावरच्या लॅमिनेट केलेल्या पानाकडे बघत राहिली. "हो ना," म्हणाली. "किती गुंतागुंतीची. एका पानात मावली."

रविवार, २ मार्च
जेवताना बाबांनी सांगितलं, काल राजीनामा दिला. महिन्याची नोटीस, ३१ मार्च शेवटचा दिवस. "आता तू आहेस," म्हणाले आणि आमटी वाढून घेतली.

आईने विचारलं, एवढी काय घाई होती. बाबा म्हणाले, पोरगा एवढं खात्रीने सांगतोय.

मी खात्रीने सांगतो आहे हे खरं आहे.  पाणी प्यायलो. संकल्प: मार्चमध्ये एकही गाडी उशिरा निघता कामा नये. दिशाशूल हा विषय हळूहळू, कोणाला न दुखावता, मागे घ्यायचा. चेंज मॅनेजमेंट. कोर्समध्ये याचं वेगळं प्रकरण आहे, पण ते पैसे भरल्यावर उघडतं.

मंगळवार, ४ मार्च
सकाळी ड्रायव्हरांना जमवलं. सांगितलं, शास्त्रात अपवादही असतात, माल अत्यावश्यक असेल तर उत्तर दिशा चालते. खंडूने विचारलं, "कुठं लिहिलंय?" मी म्हटलं, सखोल ग्रंथांत. "मग इतके दिवस वरवरच्या ग्रंथातून सांगत होते का?" असं मागून कोणीतरी म्हणालं. हसले सगळे. मीही हसलो. गाडी एकही निघाली नाही.

संघर्ष निघाला. जाताना भोंगा दिला, दोनदा. एकदा पुरला असता.

बुधवार, ५ मार्च
उपाय सापडला, आणि तोही शास्त्रोक्त. त्याच चौकटीच्या खाली बारीक अक्षरात परिहार दिलेत. जाणं भागच असेल तर मंगळवारी गूळ खाऊन निघावं, बुधवारी तीळ, गुरुवारी दही, सोमवारी आरशात बघून. इतके दिवस हे वाचलं कसं नाही? अक्षर फार बारीक आहे. कॅलेंडरवाल्यांनी याचा विचार करायला हवा.

घरातून तीळ आणले होते, दिले. गुजरातच्या सगळ्या गाड्या निघाल्या. मॅडम खिडकीत उभ्या राहून बघत होत्या. मी त्यांना अंगठा दाखवला. त्यांनी काही दाखवलं नाही, पण बघितलं.

समस्या ओळखली, तोडगा काढला, अंमलात आणला. तिघं मिळून करतात ते काम एकट्याने केलं. बाबांना फोन करून सांगितलं. गेटवर अँब्युलन्स आली होती, ठेवतो म्हणाले.

सोमवार, १० मार्च
आरसा. बाथरूममधला काढून आणला. ड्रायव्हर रांगेने बघून गेले. एकाने केसही विंचरून घेतले. नाशिक वेळेत.

मंगळवार, १८ मार्च
आजचा दिवस वाईट गेला. चूक माझी नव्हती, तरी लिहून ठेवतो.

उठायला उशीर झाला. आमच्या पूनम सागरहून काशीमीऱ्याला शेअर रिक्षा मिळेना. मिळाली ती सिल्व्हर पार्कच्या सिग्नलला अडकली. पोहोचलो तेव्हा गोडाउनच्या दारात गाड्यांची रांग, इंजिनं चालू, ड्रायव्हर खाली उतरून बिड्या ओढत उभे. गुळाची ढेप माझ्या टेबलावर आहे, सगळ्यांना माहीत आहे. पायलने वाटायला घेतला होता. खंडू तिला म्हणाला, "ताई, तुमच्या हातचा चहा चालंल. गूळ पंडितजींच्याच हातचा पायजे."

म्हणजे आता मी वेळेवर आलो नाही, तर कंपनीच्या गाड्या हलत नाहीत. मी अपरिहार्य झालो आहे. हे मॅडमना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पण काही बोलल्या नाहीत. नुसताच पुसला आणि परत घातला. यापेक्षा बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

गजर उद्यापासून दोन फोनवर.

शनिवार, २२ मार्च
रिपोर्टचं शीर्षक तयार: "विलंब: एक मूलगामी चिंतन". आत अजून काही नाही.

पायलने तक्ता बनवून दिला. स्वतःहून. वार, दिशा, किती गाड्या अडकल्या. रंगीत पट्ट्या. जानेवारीचा तिसरा आठवडा येईपर्यंत पट्ट्या बुटक्या, मग एकदम उंच. मार्चमध्ये खाली येतात, मधूनच वर उसळतात. "ही इथे वर गेलीय ती तुला उठायला उशीर झाला तो मंगळवार," तिने बोट ठेवून दाखवलं. मी विचारलं, माझं नाव आहे का कुठे? म्हणाली, "नाव टाकलेलं नाही. पण आता तूच बघ, दिसतंय की नाही."

तिला विचारलं, हे सगळं व्ही-लूकअपने केलंस का. म्हणाली, "पिव्होटने. फेब्रुवारीत तू मला शिकवणार होतास ना?" मी असं म्हटलं होतं, हे आठवत नाही. म्हटलं असेन.

बुधवार, २६ मार्च
उद्या महत्त्वाचं. शेठने नवीन पार्टी आणलीय, औषधांची. चार गाड्या, चारही कोल्हापूर, सकाळी एकत्र निघायच्या. पार्टीचा माणूस बघायला येणार. चारांपैकी एक संघर्ष, बाकी तीन माझे.

गुरुवार म्हणजे दक्षिण निषिद्ध, परिहार दही. संध्याकाळी दही आणून फ्रीजमध्ये ठेवलं. गजर लावले. कपड्यांना इस्त्री. बाबा म्हणाले, आमच्या मेट्रनबाईंना सांगितलं, मुलगा ट्रान्सपोर्टमध्ये ऑफिसर आहे. मी दुरुस्ती केली नाही. दोन दिवसांचा प्रश्न आहे.

गुरुवार, २७ मार्च
सविस्तर लिहिण्याची इच्छा नाही. तरी.

साडेसहाला उठलो. संकल्प प्रथमच पूर्ण. फ्रीज उघडला. दही नाही. आईने रात्री कढी केली होती. मीच दोनदा घेतली होती, छान झाली म्हणालो होतो. आई म्हणाली, "अरे मेल्या, त्याच्यावर काय तुझं नाव लिहिलेलं? कढीला दही लागतं, तुझ्या ट्रकला कधीपासून लागायला लागलं?"

खालची डेअरी बंद. पुढची उघडी, पण दही नऊनंतर येईल म्हणाला. काउंटरवर श्रीखंडाचे डबे रचलेले, रविवारी पाडवा ना. विचार केला. श्रीखंड म्हणजे काय? चक्का. चक्का म्हणजे? दहीच, फक्त पाणी गेलेलं. मूलद्रव्य तेच. वेलदोड्याचं घेतलं.

गोडाउनला पार्टीचा माणूस आलेला. शेठही आलेले, पांढरा सफारी, हातात फोन. संघर्षची गाडी गेटबाहेर निघालेली. बाकी तीन उभ्या. मी डबा उघडला, चमचा पुढे केला. खंडूने वास घेतला.

"हे काय?"

दही, मी म्हटलं.

"साहेब, हे पिवळं हाय."

मी चक्क्याची प्रक्रिया समजावून सांगितली. दुसरा ड्रायव्हर म्हणाला, पण यात साखर आहे, साखर घातल्यावर दही राहतं का? तिसरा म्हणाला, श्रीखंड खाऊन झोप येते, घाटात कोण जबाबदार? खंडू म्हणाला, मला नाय पटत. मग तिघांत वाद, की चक्का दह्यात धरायचा की मिठाईत. एकाने गावी फोन लावला, कोणा काकांना विचारायला. काका म्हणाले, एकादशीला चालतं, प्रवासाला माहीत नाही.

हे सगळं पार्टीच्या माणसासमोर. त्याने शेठना विचारलं, ये लोग क्या कर रहे हैं? शेठनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात डबा, डब्यात चमचा.

पायल मोटारसायकलवाल्या एका पोऱ्याच्या मागे बसून भाईंदरहून दही घेऊन आली तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. खंडूने माझ्याच हातून घेतलं. गाड्या गेल्या. पार्टीचा माणूस त्याआधीच गेला होता.

श्रीखंड ऑफिसच्या फ्रीजमध्ये ठेवलं. कोणी हात लावलेला नाही.

शुक्रवार, २८ मार्च
सादरीकरण. एकंदरीत अपेक्षेपेक्षा बरं झालं.

शेठच्या केबिनमध्ये मॅडम, पायल, मी. चिंतन सुरू केलं. दुसऱ्या वाक्याला शेठ म्हणाले, "भाई, चार्ट दाखव." पायलने पडद्यावर आणला. शेठ पट्ट्या बघत राहिले.  मग म्हणाले, "मंगळवारी उत्तरेला काय होते? कोण अडवते?"

मी म्हटलं, घटक अनेक आहेत. मॅडमनी खंडूला आत बोलावलं. खंडूने इकडे तिकडे बघितलं नाही, सरळ सांगितलं, "पंडितजींनी सांगितलं शास्त्रात नाय. आम्ही त्यांचं ऐकतो. लई ज्ञानी हायेत." त्याने हे माझ्या भल्यासाठीच सांगितलं. चेहऱ्यावर अभिमान होता.

 पायल बुटांकडे बघत होती. शेठनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि हळू आवाजात विचारलं, "आमची दीकरी, तिला बघायला सुरतवाले बोलावतात. बुधवारी जायचं आहे. सुरत तर उत्तरेला." मी म्हटलं, बुधवारी शूल आहे, पण तीळ खाऊन निघावं. शेठनी फोनमध्ये टाइप करून घेतलं. "काळे के पांढरे?" मी म्हटलं, काळे उत्तम.

मॅडमनी चष्मा काढून दोन्ही डोळे चोळले.

मालक मुलीच्या लग्नाच्या बाबतीत सल्ला घेतो, याहून मोठा विश्वास कोणता? घरी आल्यावर बाबांनी नुसतं बघितलं. मी होकारार्थी मान हलवली. ते सोफ्यावर बसले, पाय स्टुलावर ठेवले आणि बराच वेळ तसेच बसून राहिले.

शनिवार, २९ मार्च
अमावास्या. नोंद माहितीसाठी.

मॅडमनी दुपारी बोलावलं. चष्मा काढला नाही. हे मी चांगलं लक्षण मानलं.

म्हणाल्या, "कन्फर्म नाही करत आहोत. तू मुलगा वाईट नाहीस. पण तीन महिन्यांत गाडी काढायला शिकला नाहीस, थांबवायला शिकलास. ते आम्हाला आधीच येत होतं." मी म्हटलं, शेठ तर खूश होते. म्हणाल्या, "शेठ खूशच आहेत. दसऱ्याला गाड्यांची पूजा असते, त्याला ये म्हणतायत. दक्षिणा देतील." मी विचारलं, मुदत वाढवून मिळेल का. त्यांनी नकारार्थी डोकं हलवलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच मऊ होता, म्हणून विषय संपला हे कळलं.

उद्या पाडवा, सोमवारी ईदची सुट्टी, म्हणजे आजच शेवटचा दिवस. पायलने टेबल आवरायला मदत केली. म्हणाली, "माझ्याकडे ये पुढच्या रविवारी. पिव्होट दाखवते. एक तासाचं काम आहे, खरं सांगतेय." मी म्हटलं, बघतो, जर्मनचं रिव्हिजन काढलंय. ती म्हणाली, "बघ." गेटवर संघर्ष भेटला. भोंगा वगैरे नाही. खाली उतरून हात मिळवला. "साहेब, वाईट वाटून घेऊ नका. मला बी पहिल्या गाडीवरून काढलं होतं." मी भरलेली बॅग सावरली. 

घरी सांगितलं नाही. आई गुढीची काठी धूत होती.

रविवार, ३० मार्च, पाडवा
गुढी बाबांनी उभारली. खिडकीला काठी बांधायला स्टुलावर चढले, मी खालून धरलं. उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, भार दिला. अपेक्षेपेक्षा जास्त जड आहेत.

जेवणात श्रीखंड होतं. मी पुरी-भाजी खाल्ली.

बाबांनी विचारलं, पत्र कधी देणार? म्हटलं, उद्या ईद, ऑफिस बंद. हे खोटं नाही. उद्या ईद आहे आणि ऑफिस बंद आहे. बाबा म्हणाले, बरोबर, सुट्टीच्या दिवशी कोण देणार. आई म्हणाली, मंगळवारी मिळेल मग. मी हो म्हटलं. हे मात्र.

सोमवार, ३१ मार्च
बाबांचा शेवटचा दिवस. सकाळी युनिफॉर्मला इस्त्री करून गेले. मी खिडकीतून बघत होतो. पूनम सागरच्या कमानीपर्यंत दोनदा थांबले. एकदा बूट बघितल्यासारखं केलं. बूट ठीक होता.

आज सांगायचं ठरवलंय. मुद्दे काढले. कंपनीचं धोरण. बाजारातली मंदी. माझी क्षमता एका ठिकाणी न मावणारी. तिसरा मुद्दा लिहून खोडला. पहिला पण खोडला.

मंदी आहेच.

संध्याकाळ: बाबा आले. निरोपाचा नारळ वगैरे काही हातात नव्हतं. आईने विचारलं, काहीच केलं नाही त्यांनी? बाबा म्हणाले, करतील नंतर. दमले होते, लवकर झोपले. सांगितलं नाही. झोपलेल्या माणसाला काय सांगणार? उद्या सकाळी, चहाच्या वेळी, नक्की. गजर साडेसहा.

मंगळवार, १ एप्रिल
साडेसहाच्या आधीच जाग आली. स्वयंपाकघरात दिवा. बाबा युनिफॉर्ममध्ये, खुर्चीत, चहा पीत. आई डबा भरत होती, माझ्याकडे पाठ करून.

मी विचारलं, कुठे? म्हणाले, ड्युटीला.

म्हटलं, काल शेवटचा दिवस होता ना. बाबांनी बशीत चहा ओतला, फुंकला. म्हणाले, "राजीनामा दिलाच नव्हता. दिला असं म्हटलं, म्हणजे तू जरा टिकून राहशील असं वाटलं."

मी म्हटलं, मला काढलंय. म्हणाले, "शनिवारी कळलं. तुझी बॅग भरून आली होती, रोज रिकामी येते."

मी मुद्दे सांगायला लागलो. मंदीपर्यंत आलो. बाबांनी ऐकून घेतलं. मग गुडघ्याला बांधायचा पट्टा माझ्या हातात दिला आणि पाय पुढे केला, एवढं बांध म्हणाले, वाकवत नाही आज.

बांधला. घट्ट, काळजीपूर्वक. बाबा उठून उभे राहिले, दोन पावलं टाकली, परत बसले. उलटा बांधला होता. त्यांनी तो सोडला, स्वतःच सरळ करून बांधला, आणि डबा घेऊन गेले.